1 जूनचा जन्म आणि 9 डॉलर 25 सेंट : अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाला, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला, खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि आयुक्त,
फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, वॉशिंग्टन डी.सी.

तसेच लाइफलाइन योजनेचा कारभार पाहणारी युनिव्हर्सल सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कंपनी आणि सर्व राज्यांची समाजकल्याण खाती यांना.

विषय : लाइफलाइनच्या अर्जदारांची पात्रता सरकारी नोंदींशी जुळवून पाहताना होणारी खऱ्या लाभार्थ्यांची गळती

महोदय, महोदया,

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी बसते. खिडकीजवळचं टेबल, त्यावर एक स्कॅनर आणि समोर दोन खुर्च्या. कुणाला मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला घरभाड्याच्या मदतीचा, आणि बऱ्याच जणांना लाइफलाइनचा, म्हणजे फोनच्या किंवा इंटरनेटच्या बिलात मिळणाऱ्या सवलतीचा. निवृत्त होण्याआधी 22 वर्षं मी विमा कंपन्यांच्या डेटाबेसवर काम केलं. दोन याद्या घ्यायच्या आणि या यादीतला माणूस त्या यादीतही आहे का, ते शोधायचं, हेच माझं रोजचं काम होतं. आज तुमची नॅशनल व्हेरिफायर नावाची यंत्रणा तेच करते. तिच्या पोटात काय चालतं ते मला कळतं, आणि तिच्या दारातून परत आलेली माणसं माझ्या समोरच्या खुर्चीत बसतात. म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे लिहिते आहे, कारण इथल्या मराठी घरांतल्या ज्या मुलांना, सुनांना, नातवंडांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरावे लागतात, त्यांनाही हे कळायला हवं.

मागच्या हिवाळ्यात एक आजोबा आले. मूळचे विदर्भातले, ऐंशीला टेकलेले, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झालेले. मुलगा दुसऱ्या राज्यात. आजोबा सरकारी मदतीच्या घरात एकटे राहतात. मेडिकेड आहे, स्नॅपमधून धान्य-भाजीचे पैसे मिळतात. लाइफलाइनसाठी यातली एक गोष्टही पुरते. तरी त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. कापडी पिशवीतून त्यांनी कागद काढले. रबरबँड लावलेली पत्रं, पासपोर्ट, एका प्लास्टिकच्या पाकिटात महाराष्ट्रातल्या शाळेचा दाखला, आणि तुमच्या यंत्रणेकडून आलेली दोन पत्रं. पहिल्यात लिहिलं होतं, ओळख पटली नाही. त्यांनी पासपोर्टची प्रत पाठवली. दुसऱ्यात उत्तर आलं, कागदावरची माहिती अर्जाशी जुळत नाही.

अर्ज त्यांनी स्वतः भरला होता. सुवाच्य, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून. जन्मतारखेच्या जागी लिहिलं होतं 01/06/1946. मी बघितलं आणि विचारलं, "आजोबा, जन्म जानेवारीतला का?" ते म्हणाले, "छे, 1 जून. आमच्या वेळेस सगळ्यांचाच 1 जून."

मराठी वाचकांना हे समजावून सांगायला नको. त्या पिढीतल्या असंख्य माणसांची खरी जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि पुढे 1 जून टाकलं. तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टवर, तीच सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदीत. आजोबांनी आयुष्यभर आधी दिवस आणि मग महिना असंच लिहिलं, इथेही तसंच लिहिलं. तुमच्या यंत्रणेने ते 6 जानेवारी वाचलं. चूक आजोबांचीच, मान्य. पण दोन पत्रं, अडीच महिने आणि तीन हेलपाटे झाले, तरी चूक तारखेत आहे हे त्यांना कुणीही सांगितलं नाही. मला ती दिसायला अर्धा मिनिट लागला.

माझं सगळं म्हणणं या अर्ध्या मिनिटात आहे. यंत्राने "जुळलं नाही" म्हटलं, याचा अर्थ "हा माणूस पात्र नाही" असा होत नाही. तुमच्या नियमांत हा फरक आहे. अर्जदाराच्या हातात पडणाऱ्या कागदात तो नाही.

पडताळणी नको, असं मी म्हणत नाही. ती का आली, हे मला ठाऊक आहे. लाइफलाइन 1985 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात सुरू झाली. एटी अँड टी कंपनीचं विभाजन झाल्यावर स्थानिक फोनचे दर वाढतील आणि गरिबाघरचा फोन तुटेल, या काळजीतून ती आली. पुढे 2005 पासून मोबाइल त्यात आला आणि 2016 च्या आदेशाने इंटरनेटही. आज महिन्याला 9 डॉलर 25 सेंटपर्यंत मिळतात, आदिवासी भूमीवर राहणाऱ्यांना 34 डॉलर 25 सेंटपर्यंत. हे 9 डॉलर 25 सेंट 2012 पासून तसेच आहेत. पैसा येतो तो युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून, म्हणजे टेलिफोन कंपन्यांच्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय संभाषणाच्या महसुलावर बसणाऱ्या वर्गणीतून. 2025 मध्ये ती वर्गणी 36 टक्क्यांच्या पुढे गेली. कंपन्या ती आमच्या बिलात लावतात. ज्या पिढीने आईचा आवाज ऐकायला मिनिटामिनिटाचे पैसे मोजून भारतात फोन लावले, तिने या फंडात आपला वाटा टाकलेला आहे. त्यामुळे तो पैसा खोट्या नावावर जाऊ नये, असं आम्हालाही मनापासून वाटतं.

आणि तो जात होता. कारण माणूस पात्र आहे की नाही हे तपासण्याचं काम बऱ्याच ठिकाणी फोन कंपन्यांकडेच होतं, आणि प्रत्येक नव्या ग्राहकामागे सरकारी पैसा मिळणार होता त्याच कंपन्यांना. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने 2017 च्या अहवालात सांगितलं की, तपासलेल्या सुमारे 35 लाख लाभार्थ्यांपैकी 12 लाखांहून अधिक जण, म्हणजे साधारण 36 टक्के, त्यांनी सांगितलेल्या योजनेत खरोखर आहेत याची खात्री करता आली नाही. त्याच कार्यालयाच्या माणसांनी खोटे कागद घेऊन 19 कंपन्यांकडे अर्ज केले आणि 12 कंपन्यांनी ते मंजूर केले. 2020 मध्ये स्प्रिंट कंपनीने तुमच्याशी तडजोड करून 20 कोटी डॉलर भरले, कारण फोन न वापरणाऱ्या सुमारे 8 लाख 85 हजार ग्राहकांच्या नावावर तिने सवलतीचा पैसा उचलला होता.

या आकड्यांकडे नीट बघा. यात लबाडीचा मोठा पैसा कुणाच्या खिशात गेला? फोनची सवलत मागणाऱ्या म्हातारीच्या नाही. पण कडक झालेली चाळणी मात्र तिच्यासमोर धरली गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आमच्याकडे म्हणतात.

तरीही नॅशनल व्हेरिफायरची मूळ कल्पना चांगली आहे आणि ते मोकळेपणाने सांगते. 2018 मध्ये कोलोराडो, मिसिसिपी, मोंटाना, न्यू मेक्सिको, युटा आणि वायोमिंग या 6 राज्यांपासून ती सुरू झाली आणि 2020 अखेर देशभर पोहोचली. पात्रता ठरवण्याचं काम कंपनीच्या दुकानातून काढून तिसऱ्याच्या हाती दिलं, हे योग्यच झालं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे माहिती मागण्याची पद्धत. अर्जदाराचं पहिलं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे 4 आकडे, एवढंच राज्याकडे किंवा मेडिकेडच्या केंद्रीय यादीकडे जातं. तिकडून उत्तर येतं ते फक्त "हो" किंवा "नाही". अर्जदाराला स्नॅपचे किती पैसे मिळतात, त्याला कोणता आजार आहे, घरात कोण राहतं, यातलं काहीही तुमच्याकडे येत नाही. मी 22 वर्षांत शेकडो याद्या जुळवल्या. गरजेपेक्षा जास्त माहिती मागण्याचा मोह प्रत्येक प्रकल्पात होता आणि बहुतेकांनी तो आवरला नव्हता. तुम्ही आवरलात. आणि "हो" आलं की अर्जदाराला एकही कागद द्यावा लागत नाही. माझ्या टेबलाशी असं घडतं तेव्हा माणसं पडद्याकडे बघत राहतात, त्यांना खरं वाटत नाही. "एवढंच?" असं विचारतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला हे केवढं अप्रूप असतं!

अडतं ते "नाही" आलं की.

"नाही" येण्याची कारणं मी टेबलावर बसून मोजली आहेत, आणि अर्जदार खोटं बोलतोय हे त्यातलं क्वचितच एखादं असतं. एक तर स्नॅपची यादी प्रत्येक राज्याची वेगळी. ज्या राज्याशी करार झाला नाही, तिथला स्नॅपवरचा माणूस तुमच्या यंत्राला दिसतच नाही. मग राहिली नावं. महाराष्ट्रातल्या कित्येक बायकांचं लग्नात आडनावच काय, पहिलं नावही बदलायचं. माहेरची सुमन सासरी अनुराधा व्हायची. पासपोर्टवर एक, नागरिकत्वाच्या कागदावर दुसरं, आणि सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन नाव बदलायचं राहून गेलेलं. काहींच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. एका खात्याने ते जोडून लिहिलं, दुसऱ्याने वडिलांचं नाव गाळलं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यातच पूर्ण नाव छापून पहिल्या नावाचा रकाना रिकामा राहिला, त्यांच्या व्हिसावर पहिलं नाव "एफएनयू" आलं, म्हणजे नाव माहीत नाही. आणि ती तीन अक्षरं त्यांच्या मागे इतर कागदांवरही आली. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना दवाखान्यात "मिस्टर एफएनयू" अशी हाक मारतात. त्यांनी आता ती स्वीकारली आहे. मला मात्र ती ऐकवत नाही.

हे फक्त आपल्या लोकांचं नाही. दोन आडनावं लावणारे लॅटिन अमेरिकेतले लोक, नावाचा क्रम वेगळा असणारे व्हिएतनामी, सगळे याच चाळणीत अडकतात. डेटाबेसच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. अक्षरं तंतोतंत जुळली तरच "हो" म्हणायचं ठरवलं, तर खोटी माणसं थोडी कमी होतात आणि खरी माणसं खूप कमी होतात.

"नाही" आल्यावर अर्ज माणसाच्या हाताने तपासायला जातो. कागद जोडायचे. पत्रावर अर्जदाराचं नाव हवं, योजनेचं नाव हवं, देणाऱ्या खात्याचं नाव हवं आणि तारीख गेल्या 12 महिन्यांतली हवी. हे वाचायला सोपं आहे. पण मंजुरीचं पत्र 2 वर्षांपूर्वी आलेलं असतं, नवं पत्र हवं तर काउंटीच्या कार्यालयात फोन करावा लागतो, आणि फोन मिळावा म्हणूनच तर हा अर्ज आहे! ग्रंथालयातल्या संगणकावर एका वेळी ठराविक वेळच बसता येतं, स्कॅन करायला मदत लागते, कामाला दांडी मारली तर दिवसाची मजुरी बुडते. गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने 2021 च्या अहवालात लिहिलं आहे की, जून 2018 ते जून 2020 या काळात ज्यांचे अर्ज हाताने तपासायला गेले, त्यांतल्या दोन तृतीयांशाहून अधिक लोकांनी अर्ज पूर्णच केला नाही. तीनातले दोन. त्यांतले किती अपात्र होते आणि किती जण कंटाळून, घाबरून, थकून गेले, हे तुमच्याकडच्या नोंदींवरून कळत नाही, कारण अर्धवट सुटलेल्या अर्जात तो माणूस का गेला, हा रकानाच नसतो. माझ्या टेबलावरून सांगते, बहुतेक जण थकून जातात.

पत्त्याचंही असंच. एका घराला एकच सवलत, हा नियम. मग एकाच पत्त्यावर दोन अर्ज आले की यंत्र थांबतं आणि वेगळा फॉर्म मागतं. तुमची घराची व्याख्या खरं तर समंजस आहे. उत्पन्न आणि खर्च एकत्र असेल ते एक घर. आमच्या भाषेत, ज्यांची चूल एक ते एक कुटुंब. चूल वेगळी झाली की शिधापत्रिकाही वेगळी. एका अपार्टमेंटमध्ये भाडं वाटून राहणाऱ्या तीन बायका, तीन वेगळ्या चुली. पण हे समजावून सांगणारं कुणी नसेल, तर "तुमच्या पत्त्यावर आधीच सवलत सुरू आहे" हे वाक्य वाचून माणूस गप्प निघून जातो. त्याला वाटतं, आपण काहीतरी गुन्हा केला.

दरवर्षी पुन्हा पडताळणी होते. आधी तुम्ही याद्यांमध्ये बघता, तिथे "हो" मिळालं तर माणसाला काही करावं लागत नाही. हेही चांगलं. नाही मिळालं तर पत्र येतं आणि 60 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर गेलं नाही की फोनची सवलत बंद. 2023 च्या वसंतात महामारीतली, मेडिकेडमधून नावं न काढण्याची सूट संपली आणि राज्यांनी मेडिकेडच्या याद्या पुन्हा तपासल्या, तेव्हा 2 कोटी 50 लाखांहून अधिक लोकांची नावं निघाली. त्यांतल्या सुमारे 69 टक्के लोकांचं कारण पात्रता गेली हे नव्हतं. पत्र पोहोचलं नाही, फॉर्म वेळेत परत आला नाही, अशी कागदी कारणं होती. आता बघा, ज्याचं नाव मेडिकेडच्या यादीतून असं चुकून निघालं, त्याला लाइफलाइनच्या यादीतही "नाही" मिळणार. फोन गेला की मेडिकेडसाठी फोनवर तासभर ताटकळायचं कशाने? एका खात्यातली चूक दुसऱ्या खात्यात खरी माहिती म्हणून जाते. याद्या जोडण्याचा हा धोका मी कामात असताना रोज पाहिला आहे. जोडलेली यादी मूळ यादीपेक्षा खरी कधीच होत नाही.

इंटरनेटच्या बिलात सवलत देणारा ॲफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम असता तर निदान इंटरनेटची बाजू सावरली असती. महिन्याला 30 डॉलर मिळायचे, 2 कोटी 30 लाखांहून अधिक घरांना मिळत होते. पैसा संपला आणि 1 जून 2024 ला तो बंद पडला. (तिथेही 1 जूनच.) त्यात गरिबीरेषेच्या 200 टक्क्यांपर्यंतचं उत्पन्न चालायचं, लाइफलाइनला 135 टक्के, म्हणजे 2025 च्या मोजपट्टीने एकट्या माणसाला वर्षाला साधारण 21,128 डॉलर. मधल्या लोकांना आता काहीच नाही. तो प्रश्न काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा आहे, तुमच्यावर घालत नाही. पण त्यामुळे लाइफलाइनच्या दारावरचा एकेक खरा माणूस परत जाणं आता जास्त महाग पडतं, एवढं लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट विश्वासाची, आणि ती सांगताना मला जड जातं.

रुग्णांची देखभाल करणारी एक बाई माझ्याकडे आली. ती मराठी नव्हती, पण आमचं चांगलं जमलं. दोघींनाही एकमेकींचं इंग्रजी समजायचं. मुलगी अमेरिकेत जन्मलेली, तिला मेडिकेड. मुलीच्या मेडिकेडवर घराला लाइफलाइन मिळू शकते. अर्ज जवळजवळ पूर्ण झाला, शेवटी संमतीचा मजकूर आला, की तुमची माहिती इतर सरकारी खात्यांच्या नोंदींशी ताडून बघितली जाईल. तिने तो दोनदा वाचला. मग हळूच पर्स उचलली आणि म्हणाली, "आज नको." ती परत आलेली नाही.

मी तिला काय सांगणार होते? "हो किंवा नाही एवढंच जातं" हे मी सांगितलंही. पण जून 2025 मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं की, मेडिकेडच्या लाभार्थ्यांची माहिती स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याला देण्यात आली. 20 राज्यं कोर्टात गेली आणि ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरती त्या वापराला तात्पुरती मनाई केली. प्रकरण त्यानंतरही चालू राहिलं. त्याच वर्षी शेती खात्याने राज्यांकडे स्नॅपच्या लाभार्थ्यांची तपशीलवार माहिती मागितली आणि त्यावरही खटला उभा राहिला. त्यात तुमचा हात नव्हता. पण माणूस खातं बघत नाही, सरकार बघतो. एका दारातून दिलेली माहिती दुसऱ्या दारातून बाहेर जाते, हे एकदा दिसलं की तो कुठल्याच दारात माहिती देत नाही.

1974 च्या प्रायव्हसी ॲक्टला 1988 मध्ये कॉम्प्युटर मॅचिंगची जोड मिळाली ती नेमकी यासाठी. त्या कायद्याने तुम्हाला राज्यांशी लेखी करार करावा लागतो, त्याची सूचना फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापावी लागते, कराराची मुदत 18 महिने आणि वाढवली तर आणखी 12. कोणती माहिती कशासाठी जाणार, ती कधी नष्ट होणार, हे त्यात लिहावं लागतं. आणि केवळ यंत्राच्या जुळणीवर कुणाचा लाभ तोडता येत नाही किंवा अंतिम नकार देता येत नाही. आधी स्वतंत्र खातरजमा करावी लागते, माणसाला कळवावं लागतं आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. इंटरनेट घराघरात पोहोचण्याआधीच्या काळात काँग्रेसने हे लिहिलं! "तुमची माहिती जुळत नाही" एवढं एक ओळीचं पत्र पाठवून ती संधी दिल्यासारखी होत नाही. काय जुळत नाही ते कळलं तर माणूस बाजू मांडेल.

आमच्याकडे, महाराष्ट्रात, हेच वेगळ्या रूपात चालू आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर शेतमजुराच्या झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही. "लाडकी बहीण" योजनेत 2025 मध्ये ई-केवायसी आली तेव्हा पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची जोडणी मागितली गेली, आणि ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा बायका अडकल्या. मग त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. त्या योजनेतही खोटे लाभार्थी होते, पुरुषसुद्धा होते. पडताळणी हवीच होती. पण सोय आधी करायची की बायका रडल्यावर, एवढाच प्रश्न तिथेही होता.

म्हणून माझ्या मागण्या. सगळ्यांत आधी, नकाराच्या पत्रात नेमकं काय जुळलं नाही ते सांगा. मला माहीत आहे, यावर तुमचे लोक काय म्हणतील: समोरून फक्त "नाही" येतं, कारण आम्हालाच कळत नाही, आणि कारण पडद्यावर दाखवलं तर लबाड माणूस तारखा बदलून बदलून खरी तारीख शोधून काढेल. दोन्ही हरकती खऱ्या आहेत, मीही कामात असते तर त्याच घेतल्या असत्या. पण त्यावर उपाय आहे. राज्याकडून "नाही" ऐवजी दोन वेगळी उत्तरं मागा. "असा माणूस आमच्याकडे नाही" हे एक, आणि "माणूस सापडतो, पण एक रकाना वेगळा आहे" हे दुसरं. कोणता रकाना ते पडद्यावर दाखवू नका. तुमच्या मदत केंद्रातल्या माणसाला दिसू द्या, आणि त्याने अर्जदाराला फोन करून, इतर तपशील विचारून खात्री केल्यावर सांगावं, की आजोबा, तारीख पुन्हा बघा. यात लाभाची रक्कम, आजार, कुटुंब यातलं काहीही उघड होत नाही. दिवस आणि महिना उलटे लिहिले असतील तर ते यंत्रालाही ओळखता येतं. 12 च्या आतल्या दोन आकड्यांची अदलाबदल करून बघणं हा नवशिक्या प्रोग्रॅमरचा पहिल्या आठवड्याचा धडा आहे.

ज्या राज्यांनी स्नॅपची यादी अजून जोडलेली नाही, त्यांनी ती जोडावी. हे मी राज्यांच्या खात्यांना हात जोडून सांगते. तुमच्या कार्यालयातली बाई स्नॅप मंजूर करते त्याच दिवशी तिने एक ओळ बोलावी, की या पत्रावर तुम्हाला फोनची सवलतही मिळते, पत्र जपून ठेवा. याला ना कायदा लागतो, ना पैसा.

माहितीच्या वापराबद्दल करारात शब्द आहेतच. ते अर्जाच्या त्या शेवटच्या पडद्यावर आणा, सोप्या भाषेत: ही माहिती फक्त सवलतीच्या पात्रतेसाठी वापरली जाईल, स्थलांतर खात्याला दिली जाणार नाही. आणि असं लिहिता येत नसेल, तर का लिहिता येत नाही, हे तुम्ही जाहीर सांगा. त्या बाईला खरं काय ते कळलं पाहिजे, मग ती अर्ज करो वा न करो.

आणि अर्धवट सुटलेल्या अर्जांची मोजदाद करा. दर महिन्याला दहा-वीस जणांना फोन करून विचारा, तुम्ही का थांबलात. खोट्या लाभार्थ्यांचे आकडे तुमच्या अहवालांत येतात, तसे परत गेलेल्या खऱ्या माणसांचे आकडेही यावेत. दोन्ही चुकाच आहेत आणि दोन्हींची किंमत कुणीतरी भरतं.

सुप्रीम कोर्टाने जून 2025 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी युनिव्हर्सल सर्व्हिस फंड वैध ठरवला. त्यामुळे पैशाचा झरा सध्या तरी शाबूत आहे. तो पोहोचवायची वाट दुरुस्त करायला आता तुमच्यापाशी वेळ आहे. राज्यांशी केलेले करार नूतनीकरणाला येत राहतात. वर मागितलेलं दुसरं उत्तर पुढच्या करारात लिहून घ्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे अर्ज भरणाऱ्यांना जाता जाता सांगते : तारीख लिहिताना महिना आधी. नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे अगदी तसं, वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच. स्नॅप किंवा मेडिकेडचं पत्र 12 महिन्यांच्या आतलं. एका पत्त्यावर दोन चुली असतील तर घराचा वेगळा फॉर्म भरायला घाबरू नका. आणि "जुळलं नाही" असं आलं तर सोडून देऊ नका. तो शेवटचा नकार नाही.

आजोबांचा अर्ज तिसऱ्या खेपेला मंजूर झाला. आता ते दर रविवारी सकाळी अमरावतीच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलतात. त्यांच्या वार्षिक पडताळणीचं पत्र येत्या हिवाळ्यात येईल.

आपली,
ग्रंथालयातली एक स्वयंसेविका
न्यू जर्सी